गिधाडांची वानखडे

आमच्या सोसायटीतली प्राजक्ता वानखडे कोथिंबीर आणायला जाताना पाठीवर चौदा किलोची सॅक घेऊन जायची. कोथिंबिरीची जुडी हातात असायची. सॅकमध्ये पाणी. पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणि उरलेल्या जागेत तांदळाची पिशवी. हे सगळं ती सातव्या मजल्यावरून खाली आणायची, धायरी फाट्यापर्यंत फिरवून आणायची आणि पुन्हा सातव्या मजल्यावर नेऊन ठेवायची. तेही लिफ्ट चालू असताना! आमच्या सोसायटीची लिफ्ट चालू असते ते दिवस वर्षातून मोजकेच. त्या दिवशी आम्ही काम नसलं तरी एकदा वर-खाली करून घेतो. आणि ही बाई जिन्याने.

मी सोसायटीचा सचिव आहे. नारायण पेठेतलं भाड्याचं घर सोडून धायरीत आलो, तेव्हा इथे कोणी सचिव व्हायला तयार नव्हतं. तेव्हापासून मीच आहे. काढून टाकायलाही कोणी तयार होत नाही. सचिवाचं मुख्य काम म्हणजे फळ्यावर सूचना लिहिणं, आणि हे काम मी पेठेतून येताना बरोबर घेऊन आलो. वानखडेची सॅक जिन्यात तिसऱ्यांदा माझ्या खांद्याला लागली तेव्हा मी लिहिलं, "जिन्यातून विनाकारण वजन घेऊन वर-खाली करू नये. जिना घरी जाण्यासाठी आहे."

संध्याकाळी ती सॅकसकट दारात उभी.

"काका, कारण असलं तर चालते नं?"

"काय कारण आहे?"

"गिधाडं," ती म्हणाली.

हे उत्तर ऐकून माणसाने दार लावून घ्यायला हवं. मी "आत ये" म्हणालो, ती माझी चूक.

प्राजक्ता ही वऱ्हाडातली. वय सव्वीस-सत्तावीस. सहा वर्षं पुण्यात, आयटीत, म्हणजे घरी बसून संगणकाकडे बघत असते. घरचं कोणी कधी आलेलं पाहिलं नाही. तिने ठरवलं होतं की आंबोलीच्या घाटापासून थेट नाशिककडच्या साल्हेरपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावरून चालत जायचं. एकटीने. वाटेत लागेल त्या गावात गुरं असलेल्या घरी जाऊन एक वही पुढे करायची. गुरांना दुखण्यावर जे एक इंजेक्शन देतात, ते आम्ही देणार नाही, दुसरं देऊ, असं त्या वहीत लिहिलेलं. खाली सही किंवा अंगठा. ते इंजेक्शन घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरतात. त्यावर बंदी आहे, पण गावात मिळतं ते मिळतंच. म्हणून ही बाई निघाली होती.

"पुण्यात गिधाडं कमी आहेत का?" मी म्हणालो. "एका बिल्डरला हाक मार, दहा उतरतील."

तिने फोन काढला आणि त्यात काहीतरी टिपून घेतलं.

"काय लिहिलंस?"

"हा जोक करणारे तुम्ही तेविसावे, काका."

मला आयुष्यात पुष्कळ जणांनी नावं ठेवली आहेत, पण तेविसावा कोणी म्हटलं नव्हतं. ते लागलं मला.

जायचा दिवस जवळ आला तसं तिला वजनाचं वेड लागलं. पाठीवर वाहायचं ते कमीत कमी असावं, म्हणून ती प्रत्येक गोष्ट काट्यावर ठेवायची. "वजन किती?" हा तिचा प्रश्न. माणसाने काहीही दाखवावं, पुस्तक, चप्पल, नवीन चष्मा, हिचं आपलं "वजन किती?" टूथब्रशची दांडी तिने अर्धी कापली. कपड्यांची लेबलं उसवली. पक्ष्यांच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडलं आणि आतली बदकांची पानं काढून टाकली, कारण डोंगरावर बदकं कशाला लागतात? शेवटी केसही कापले, स्वतःच, आणि त्यांचं वजन करून आमच्या हिला सांगायला आली. डोक्याच्या बाहेरून वजन कमी केलं, आतून करण्यासारखं काही नव्हतंच, असं मी म्हणालो. ही माझ्यावर डोळे वटारत राहिली. प्राजक्ता मात्र खळखळून हसली. सहा वर्षं पुण्यात राहून तिला खवचटपणा कळत नव्हता, की कळून ती तो मनावर घेत नव्हती, कोण जाणे. दोन्ही गोष्टी इथे माफ नसतात.

आमच्या हिने तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले होते. चांगले दोन डबे. प्राजक्ताने एक लाडू काट्यावर ठेवला, आकडा बघितला, मनात भागाकार केला आणि चार घेतले. उरलेले मी खाल्ले. हिने त्यानंतर आठवडाभर तिचं नाव काढलं नाही.

तिच्या कंपनीने तिला दोन गोष्टी दिल्या. बिनपगारी रजा आणि एक टी-शर्ट. टी-शर्टावर कंपनीचं नाव होतं आणि वर वाघ होता. गिधाड दिसायला बरं दिसत नाही, असं वरच्या कोणाचं तरी मत पडलं होतं. तो टी-शर्ट घालून तिचा फोटो काढला, कंपनीच्या पानावर लावला, खाली निसर्गाविषयी चार ओळी टाकल्या. मग प्राजक्ताने टी-शर्टचं वजन केलं आणि तो आमच्या वॉचमनला देऊन टाकला. तो वाघ अजून आमच्या फाटकावर बसलेला असतो.

सोसायटीच्या वार्षिक सभेत तिने दहा मिनिटं मागितली. पाण्याची टाकी आणि पार्किंग या दोन विषयांच्या मध्ये मी तिला बसवलं, म्हणजे पहिल्या विषयावर भांडून दमलेली माणसं दुसऱ्या विषयासाठी दम खात असताना हिचं होऊन जाईल. तिने गिधाडाचं चित्र दाखवलं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, आधी आमच्या डक्टमधली कबुतरं न्या. दोघांनी बिल्डरचा विनोद केला. तिने ते दोन्ही टिपून घेतले.

मला गप्प बसवेना. "मी गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी घेतो," मी उभा राहून म्हणालो. "माझं काय करायचं?"

तिने खरंच विचार केला. "मेल्यावर तुम्हाले गिधाडांपुढे नाही नं टाकणार?" ती म्हणाली. "मंग घ्या काका, बिनधास्त घ्या."

सभा इतकी हसली की पार्किंगचा विषय त्या वर्षी भांडणाशिवाय पार पडला.

अध्यक्ष पाठक यांना अशा वेळी भरून येतं. ते जागेचे व्यवहार करतात आणि कुठलाही प्रसंग असो, भाषण करतात. ते म्हणाले, प्राजक्ता ही आपल्या सोसायटीची लेक आहे. ज्या दिवशी ती शेवटचं पाऊल टाकेल, त्या दिवशी आपण सगळे तिथे असू. बस करू. ढोल-ताशा पथक नेऊ. टाळ्या पडल्या. मी प्राजक्ताकडे बघितलं. ती टिपून घेत नव्हती. फोन मांडीवर ठेवून पाठकांकडे बघत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. लिहायला हवं म्हणून लिहितो, मला त्या वेळी तिची कीव आली. पाठक ढोल-ताशा कोणाकोणाच्या दारी नेणार होते, याची यादी माझ्यापाशी आहे.

नोव्हेंबरात ती गेली. जाताना पाठकांनी हार घातला आणि फोटो काढला. हाराचं वजन बघून तिने तो फाटकालाच अडकवला.

मग ग्रुप सुरू झाला. अर्धी सोसायटी आणि तिच्या कंपनीतली मंडळी त्यात होती. रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला तिचा निरोप यायचा. "दिवस चौथा. एकोणीस किमी. सह्या पाच. एका आजोबांनी सही नाही केली पण जेवू घातलं. त्यांची म्हैस आजारी होती, आता बरी आहे." आरंभी खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले, बाहू फुगवलेले, सगळी चित्रं पडायची. मी चित्रं पाठवत नाही. मी लिहिलं, "म्हशीस आमचा नमस्कार सांगणे."

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "काका, म्हशीला सांगितला. मागे गेली होती मुद्दाम. तिने कान हलवला."

मुद्दाम मागे! माझ्या एका टोमण्यासाठी ही मुलगी डोंगर उतरून गेली होती. मी हिला तो निरोप वाचून दाखवला आणि कपाळावर हात मारला. ही म्हणाली, "तुम्ही पण ना." तेव्हापासून चहाला बसलं की ही विचारायची, "आली का हो आज?" लाडवांचा राग कधी गेला, तिचं तिलाही कळलं नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी चित्रं कमी झाली. मग माणसं कमी झाली. ग्रुपमधून कोणी बाहेर पडलं की खाली करड्या अक्षरांत तसं दिसतं. आज हे गेले, उद्या ते गेले. पाठक गेले तेव्हा त्यांनी "फोनमध्ये जागा नाही" असं कळवलं. कंपनीतली माणसं न कळवता गेली. जी उरली त्यांनी आवाज बंद करून ठेवला असणार. मी मात्र राहिलो. सचिवाने ग्रुप सोडायचा नसतो, असं मी हिला सांगितलं.

"दिवस सव्विसावा. तेवीस किमी. सही एक. दिवसभर कोणी भेटलं नाही. एक कुत्रा दुपारपर्यंत बरोबर होता."

मी लिहिलं, "कुत्र्याने सही केली काय?"

"नाही केली. पण आदर्श कुत्रा आहे, गुरांना इंजेक्शन देत नाही."

असं चालायचं आमचं. मी तिला चिमटे काढायचो आणि ती ते सरळ घेऊन उत्तर द्यायची. मध्यंतरी ती वेल्ह्याच्या डोंगरातून गेली. तिथून धायरी म्हणजे बसने दोन-अडीच तास. ही म्हणाली, एक दिवस घरी येऊन गरम पाण्याने अंघोळ तरी करून जा म्हणावं. मी तसं लिहिलं, माझ्या भाषेत. "सातव्या मजल्यावर पाणी येत आहे. ही दुर्मिळ घटना पाहण्यास यावे." तिने उत्तर दिलं, "मधे घरी आली तर मग प्रवास सलग नाही होत, काका. काकूंना सांगा, लाडू पुरले नाहीत. चारच घ्यायला नव्हते पाहिजे." हिने निरोप दोनदा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. मी पेपर उघडला.

जानेवारी संपत आला. शेवटचा टप्पा रविवारी होता. साल्हेरच्या अलीकडे एका गावाच्या मागे एक उंच कडा आहे, तिथे गिधाडांची घरटी आहेत. तिने चालणं संपवायची जागा तीच धरली होती. गुरुवारी तिने लिहिलं, "रविवारी सकाळी पोचते. कोण कोण येऊन राहिले? गावापर्यंत गाडी येते. कड्यापर्यंत तीन किमी, सोपी वाट आहे."

त्या निरोपाखाली दिवसभर काही आलं नाही. मी पाठकांना लिफ्टपाशी गाठलं. "अरे हो," ते म्हणाले, "रविवारी नेमकं लग्न आहे हो. पण आपण ती आल्यावर इथेच तिचा मोठा सत्कार करू." मी तिला काय लिहिणार? दोन-तीनदा फोन हातात घेतला. माझी तऱ्हा अशी की मला चिमटा काढायला एक वाक्य लागतं, पण साधं काही लिहायचं म्हटलं की हात चालत नाही. मी काहीच लिहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तिचा निरोप आला. "दिवस एकोणसत्तरावा. खालच्या गावात आली. पाय दुखून राहिला. थांबते दोन-तीन दिवस. मग जाईन."

"बघ," मी हिला म्हणालो, "एवढा सह्याद्री तुडवला आणि शेवटच्या तीन किलोमीटरला पाय दुखला. ही आजकालची पिढी."

रविवार गेला. सोमवारी तिने पुन्हा तेच लिहिलं, पाय अजून दुखतो. ही आत गेली, बराच वेळ स्वयंपाकघरात भांडी वाजत राहिली. बाहेर आली तेव्हा हातात डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"अहो, उद्या पहाटे निघायचं," ती म्हणाली. "गाडीत पेट्रोल भरून आणा."

मी पेट्रोल भरलं. गुडघ्याचा पट्टा, दुखण्याचं मलम, शेकायची पिशवी असं सगळं बरोबर घेतलं. तिला कळवलं मात्र नाही. कळवायचं म्हणजे काहीतरी साधं लिहायचं.

मंगळवारी दुपारी आम्ही त्या गावात पोचलो. मलमाची पिशवी हातात घेऊन मी गाडीतून उतरतो, तर समोरच्या चढावरून प्राजक्ता वानखडे येत होती. डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक कळशी, आणि चाल अशी की पाणी डचमळत नव्हतं. लंगडणं वगैरे काही नाही. उन्हाने काळी पडली होती आणि अर्धी झाली होती. आम्हाला बघून ती थांबली. हंडा तसाच डोक्यावर.

ज्या घरी ती उतरली होती, तिथल्या म्हातारबाई बाहेर आल्या. "आलात का?" त्या आम्हालाच म्हणाल्या, जणू आमची वेळ ठरलेली होती. "शनिवारपासून बसली आहे पोरगी. पाणी भरते, गोठा झाडते. म्हटलं, जा की बाई, समोर तर दिसतो कडा. तर म्हणे, माणसं यायची आहेत, ती आली की जाईन."

मी प्राजक्ताकडे बघितलं. येणार असं तिला कोणीच कळवलं नव्हतं. मीही नाही. तिने हंडा खाली उतरवला आणि पदर नसलेल्या माणसाने करावं तसं बाहीने तोंड पुसलं.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"पाय चांगला आहे, काका." मग म्हणाली, "एकटीने पोचायचं नव्हतं. म्हणजे, चालले एकटीच, त्याचं काही नाही. पण पोचल्यावर आजूबाजूला कोणीच नसलं तर कसं वाटलं असतं, ते शनिवारी माझ्या ध्यानात आलं. मग पाय उचलेना."

ही पुढे झाली आणि तिने तिला जवळ घेतलं. मी मलमाची पिशवी गाडीत परत ठेवली. त्याला लागायला हवा त्याहून जास्त वेळ मी लावला.

मग आम्ही ते तीन किलोमीटर चाललो. सोपी वाट आहे असं तिने लिहिलं होतं, ते साफ खोटं आहे. दोन तास लागले. माझ्या गुडघ्यांमुळे दर शंभर पावलांवर बसावं लागत होतं. सह्याद्री पायाखाली घातलेली ती मुलगी माझ्या मागून चालत होती, मी बसलो की बसत होती, उठलो की उठत होती. एकदाही पुढे गेली नाही. "घाई नाही, काका," असं मात्र दहादा म्हणाली.

कड्यासमोर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खडकावर पांढरे ओघळ दिसत होते. गिधाडांची विष्ठा, तिने सांगितलं, म्हणजे इथे ती आहेत. पण त्या वेळी आभाळात एकही नव्हतं. आम्ही मानेला रग लागेपर्यंत वर बघत बसलो. हिने लाडू काढले. प्राजक्ताने एकामागून एक तीन खाल्ले, वजन न विचारता. इतक्या लांबून गिधाडांना भेटायला आलो आणि तीच घरी नाहीत, यावर एक चांगलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं.

"आमच्या गावाबाहेर होते लहानपणी," ती कड्याकडे बघत म्हणाली. "माळावर बसलेले असायचे, दहा-बारा. शाळेत जाताना दिसायचे, भीती वाटायची. मग एक वर्षी दिसलेच नाही. मी घरी म्हटलं, ते कुठे गेले? तर सगळे हसले. असं गावातलं कोणी निघून गेलं अन् कोणीच विचारलं नाही कुठे गेले म्हणून. एवढंच आहे काका. बाकी ते सभेत सांगितलं ते सगळं नंतर वाचलं मी."

ही तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला माझी लाज वाटली. सहा वर्षं ही मुलगी आमच्या डोक्यावर सातव्या मजल्यावर राहिली होती. एवढ्या काळात मी तिला सॅकबद्दल, सायकलबद्दल, कचऱ्याबद्दल सूचना दिल्या होत्या, सगळ्या लेखी. प्रश्न असा एकही विचारला नव्हता.

"तुझं गाव कुठलं गं?" मी विचारलं.

तिने नाव सांगितलं. मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. घरी कोण असतं, असं मी पुढे विचारलं, आणि ती सांगू लागली. खाली उतरून गाडीपाशी येईपर्यंत ती बोलत होती, आणि मी मधे एकदाही काही बोललो नाही.